आईला विचारू, की विसरून जाऊ?

भांडुपच्या एका ताईंनी लांबलचक पत्र पाठवलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा गोषवारा देते.

ताईंचं वय ५०. बँकेत नोकरी, नवरा समजूतदार, मुलगी बारावीला. बालपण लालबागच्या चाळीतलं. वडील गिरणीत साचेखात्यात होते. १९८२ चा संप सुरू झाला आणि त्याच वर्षी जूनमध्ये सात वर्षांच्या या मुलीला सिंधुदुर्गात गावी, काका-काकींकडे पोचवलं गेलं. चार वर्षांचा भाऊ मात्र आईवडिलांजवळच राहिला. ‘संप मिटला की न्यायला येतो,’ असं बाबा एसटीत चढताना म्हणाले होते. ती परत आली ती थेट आठवीला. मधली पाच वर्षं काकींच्या हाताखाली गेली. पहाटे विहिरीवरून पाणी, सगळ्यांचं जेवून झाल्यावर उरलेली पेज, काही चुकलं तर रात्री एकटीनं खळ्यात बसायचं.

वडील जाऊन बरीच वर्षं झाली. गेल्या दिवाळीत आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं आणि ७४ वर्षांची आई ताईंकडे राहायला आली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आई सांगते, ‘हिला गावाला ठेवली म्हणून हिचं भलं झालं. काकीनं पोटच्या लेकीसारखी वाढवली.’ ते कानावर पडलं की ताई उठून स्वयंपाकघरात जातात आणि त्यांचे हात थरथरायला लागतात. रात्री ते खळं आठवतं, झोप उडते. विरारला राहणारा भाऊ म्हणतो, ‘चाळीस वर्षं झाली. आई आता किती दिवसांची सोबती? विसर ना.’ यंदा गणपतीला सगळ्यांनी गावी जायचं त्यानं ठरवलं आहे. काकी अजून आहेत. ‘त्यांच्या पाया पड आणि मोकळी हो,’ असं त्याचं म्हणणं. ताई विचारतात, ‘आईला या वयात जाब विचारणं पाप आहे का? की मीच विसरायला शिकू?’

ताई,

पत्राच्या अगदी शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलं आहे, ‘आईचे पाय चेपताना मनात राग असतो. मी ढोंगी आहे का?’ मी तिथूनच सुरुवात करते, कारण तुमचे बाकीचे प्रश्न याच एका धास्तीतून आले आहेत असं मला वाटतं. तुम्ही ढोंगी नाही. ढोंगी माणूस दुसऱ्याला फसवून आपलं काहीतरी साधून घेतो. तुम्ही रात्री उठून आईला धरून बाथरूमपर्यंत नेता, सकाळी तिचं सगळं आवरून गाडी पकडता, आणि मनात राग आला म्हणून उलट स्वतःलाच दोष देता. आपल्याकडे आईचा राग येणं हेच मुळात पाप समजतात. त्यामुळे ज्यांना तो येतो ती माणसं कुणाजवळ बोलत नाहीत आणि आतल्या आत कुढत राहतात. तुमचा आईवर जीव आहे आणि तुम्हाला तिचा रागही येतो. यातलं एक खरं ठरवण्यासाठी दुसरं खोटं ठरवायची काही गरज नाही.

आता ‘विसर’ या सल्ल्याबद्दल. भावाचा हेतू वाईट नसेल, पण तो सांगतोय ते होणारं काम नाही. डॅनियल वेग्नर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९८७ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला होता. त्यात विद्यार्थ्यांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं आणि तो मनात आलाच तर घंटी वाजवायला सांगितलं. घंटी वाजत राहिली. एवढंच नाही, पुढे विचार करायची मुभा दिल्यावर त्यांच्या मनात ते अस्वल इतरांपेक्षा जास्त वेळा आलं. मुद्दाम दाबलेला विचार असा उसळी मारतो. तुम्ही तर चाळीस वर्षं दाबत आलात. मग आई घरात आल्यावर, रोज तोच विषय निघायला लागल्यावर, तो वर आला यात तुमचं मन दुबळं आहे असं काहीही सिद्ध होत नाही. तेव्हा विसरण्याचा प्रयत्न मी तुमच्या यादीतून काढून टाकते. आठवण येईल. ती आली की तुमची रात्र जाऊ नये, एवढं आपल्याला साधायचं आहे.

तुम्ही लिहिता, ‘आईला मी नकोशी होते, म्हणून तिनं मला ठेवलं आणि त्याला जवळ ठेवलं.’ ही ओळ वाचून मी थांबले. सात वर्षांच्या मुलीनं असाच अर्थ लावला असणार, दुसरा अर्थ लावायला तिच्याजवळ होतं तरी काय? पण तो अर्थ तुम्ही पन्नाशीत पुन्हा एकदा तपासून पाहावा असं मला वाटतं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मुंबईतले अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार कामावर जायचे थांबले. तो महिन्याभरात मिटेल असं घरोघरी वाटत होतं. वर्ष उलटलं तरी मिटला नाही, आणि रीतसर मागे तर कधीच घेतला गेला नाही. कितीतरी घरांतली भांडी आणि मंगळसूत्रं गहाण पडली, कितीतरी कामगार कुटुंबासकट गावी गेले, आणि ज्यांच्याच्यानं ते झालं नाही त्यांनी निदान एखादं मूल गावी पाठवलं. शाळेत जाणारं, स्वतःच्या हातानं जेवणारं, पाण्याला आणि गुरांना हात लावू शकेल असं मूल. चार वर्षांचं पोर कुणी ठेवून घेत नाही, सात वर्षांची मुलगी ठेवून घेतात, कारण तिचा घराला उपयोग होतो. हे लिहिताना मलाही बरं वाटत नाही, पण तुमची निवड बहुधा अशी झाली असेल. नकोशी होतात म्हणून नव्हे, तुमचं निभावेल असं वाटलं म्हणून.

मात्र इथं एक घोटाळा होतो आणि तो मला होऊ द्यायचा नाही. असं कारण कुणी समजावून सांगितलं की आपले लोक लगेच पुढे म्हणतात, ‘बघ, त्यांची परिस्थितीच तशी होती, आता राग सोड.’ परिस्थिती होती हे खरं. तुम्ही काळोखात खळ्यात बसला होतात हेही तेवढंच खरं. संपामुळे तुम्हाला गावी जावं लागलं असेल, पण काकींनी तुम्हाला रात्री बाहेर बसवलं त्याला गिरणी मालक किंवा युनियन जबाबदार नव्हती. आईची अडचण समजून घेताना त्या मुलीच्या तक्रारीवर पाणी सोडायचं नाही.

तुमच्या पत्रातली एक ओळ तुम्ही कंसात टाकली आहे. ‘(दर महिन्याला आंतरदेशीय मीच लिहायचे. काकी समोर बसून सांगायची तसं. शेवटची ओळ ठरलेली, मी मजेत आहे, माझी काळजी करू नये.)’

ताई, मला या पत्रातली हीच ओळ सगळ्यांत महत्त्वाची वाटते. तेव्हा गावाला फोन नव्हता, कोकण रेल्वे पुरी व्हायला १९९८ उजाडलं. एसटीनं रात्रभराचा प्रवास, आणि भाड्याचे पैसे जमतील तेव्हा जायचं. तुम्हीच लिहिलंय की बाबा वर्षातून एकदा गणपतीला यायचे आणि आई त्या पाच वर्षांत दोनदाच आली, तीही काकींच्या घरात, काकींच्या देखत. मग लालबागच्या त्या खोलीत तुमच्याबद्दल काय पोचत होतं? महिन्याला एक निळं पत्र. त्यावर लेकीचं स्वतःचं, वर्षागणिक सुधारत गेलेलं अक्षर, आणि खाली ‘मी मजेत आहे’. आज आई पाहुण्यांना जे सांगते ते तिनं रचलेलं असेलच असं नाही. ते कदाचित तुमच्याच हातानं लिहिलेलं तिच्यापर्यंत गेलं असेल. तुमचा यात काडीइतकाही दोष नाही, समोर काकी बसलेली असताना त्या वयात कुणीही तेच लिहिलं असतं. पण ‘आई धडधडीत खोटं बोलते’ असं तुम्ही धरून चालला आहात, आणि तिला खरं कधी कळलंच नव्हतं ही शक्यता तुम्ही पाहिलेली दिसत नाही.

दुसरीही शक्यता आहे, ती लपवत नाही. आईला संशय आला असेल. ती दोनदा आली तेव्हा तुमचे कापलेले केस, तुमची हाडं तिला दिसली असतील. आणि तिनं तो संशय गिळला असेल, कारण घरी नेऊन खायला काय घालायचं हा प्रश्न होताच. अशा वेळी माणूस पत्रावर विश्वास ठेवतो, ठेवत राहतो, आणि पुढे तेच त्याच्यापुरतं खरं होऊन बसतं. आठवण पेटीत घडी घालून ठेवलेल्या लुगड्यासारखी जशीच्या तशी राहत नाही, सांगताना दर वेळी ती थोडी नव्यानं घडते. कुणी विचारलेलं नसताना आई प्रत्येक पाहुण्याला हा विषय का काढते, याचाही विचार करा. मनात काही सलत नसतं तर एवढ्या वेळा सांगायची गरज पडली असती का? हा माझा अंदाज आहे. खरं काय ते आईच सांगू शकेल, आणि तेही तिला सांगता आलं तर.

तेव्हा जाब विचारणं पाप आहे का? नाही. पण जाब विचारून तुम्हाला हवं ते हाती लागेल असंही मला वाटत नाही. ‘तू मला का ठेवलंस?’ या प्रश्नापुढे ७४ वर्षांच्या बाईला दोनच वाटा राहतात, गुन्हा कबूल करायचा किंवा स्वतःचा बचाव करायचा. ती बचाव करणार, आणि बचावात पुन्हा काकीचं कौतुक येणार. त्यापेक्षा जवळच्या, लहान प्रश्नापासून सुरुवात करा. ‘आई, माझी गावाहून पत्रं यायची ना, ती तुला कोण वाचून दाखवायचं?’ किंवा ‘संपात आपल्या घरी काय शिजायचं गं?’ हे प्रश्न तिला घाबरवणारे नाहीत. तिला बोलू द्या. एका दिवसात सगळं आटपायचं नाही, आठ-पंधरा दिवस असंच थोडं थोडं चालू द्या. कदाचित तुम्हाला माहीत नसलेलं बरंच काही बाहेर येईल. ऐकून घेणं म्हणजे हार मानणं, असं मनात आणू नका.

मग एक दिवस तुमची बाजू सांगा. दुपारची वेळ बरी, तिचं जेवण आणि गोळी झालेली, टीव्ही बंद, घरात तिसरं कुणी नाही. रात्री नको, तुम्ही दमून आलेल्या असताना नको. आणि एकच गोष्ट सांगा, पाच वर्षांचा हिशेब मांडू नका. ‘आई, ती पत्रं काकी सांगायची तशी मी लिहायचे. काही चुकलं तर ती मला रात्री खळ्यात बसवायची. मला खूप भीती वाटायची.’ बस. ‘तुझ्यामुळे’ जोडायचं नाही, ‘तू माझी आईच नव्हतीस’ असली वाक्यं तर अजिबात नाहीत. बोलून झालं की गप्प राहा. ही शांतता सोसणं अवघड जातं, आणि ती भरून काढायला आपणच घाईघाईनं ‘जाऊ दे, झालं ते झालं’ म्हणून टाकतो. तेवढं टाळा.

आई काय करेल? ती म्हणेल, ‘काकी तशी नव्हती गो.’ तर म्हणा, ‘तुला ते दिसलं नाही. मी तिथं होते.’ वाद वाढवू नका, उठून चहा ठेवा. ती रडेल. तर जवळ बसा, हात धरा, पण तिचं रडणं थांबावं म्हणून ‘तसं काही नव्हतं’ असं सांगून बोललेलं मागे घेऊ नका. ती उसळून म्हणेल, ‘म्हणजे मी वाईट आई का?’ तर, ‘मी तुला वाईट म्हटलं नाही. माझ्यावर काय गुदरलं ते सांगितलं.’ सगळ्यांत कठीण म्हणजे ती काहीच बोलणार नाही, दोन दिवस तोंड फिरवून पडून राहील. त्याचा अर्थ लगेच लावायला जाऊ नका. एवढ्या वर्षांनी असं ऐकलेलं पचायला वेळ लागतो.

आणि ती म्हणालीच, ‘चुकलं गं माझं,’ तरीही एखाद्या रात्री खळं आठवेल. हे आधीच सांगून ठेवते. आईनं एक वाक्य उच्चारलं की सगळं निवेल अशी आशा तुमच्या पत्रात ओळीओळीत दिसते. तुमचं बरं होणं तिच्या त्या एका वाक्यावर टांगून ठेवू नका. तुमच्यावर जे गुदरलं त्याला आईची साक्ष मिळाली तर फार चांगलं, पण साक्ष मिळाली नाही म्हणून ते घडलं नव्हतं असं होत नाही. हे सगळं वाचून तुम्ही आईला काहीच विचारायचं नाही असं ठरवलं, तर तोही रास्त निर्णय आहे. काही घरांत तोच बरा पडतो. मात्र तो आईच्या वयाच्या किंवा भावाच्या धाकानं घेऊ नका.

मी तुमच्या जागी असते तर आईच्या आधी नवऱ्याशी बोलले असते. तुम्ही लिहिलंय, त्यांना एवढंच माहीत आहे की तुम्ही काही वर्षं गावच्या शाळेत होतात. संसाराला वीस वर्षं होत आली, माणूस समजूतदार आहे असं तुम्हीच म्हणता, तरी ते खळं त्यांना माहीत नाही. पहिल्यांदा मोठ्यानं बोलायचं तर ज्याच्यावर राग नाही अशा माणसापाशी बोलावं. शब्द तोंडात बसतात, आपलाच आवाज आपल्याला ऐकू येतो, आणि मग आईसमोर बोलताना बांध एकदम फुटत नाही.

बोलायला जड जात असेल तर आधी लिहा. जेम्स पेनेबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटं आपल्या आयुष्यातल्या दुखऱ्या घटनेबद्दल लिहायला लावलं. काय घडलं आणि काय वाटलं, दोन्ही ज्यांनी लिहिलं ते लिहून झाल्यावर लगेच जास्त उदास होते, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांना दवाखान्याची पायरी कमी वेळा चढावी लागली. त्यानंतर या पद्धतीवर बरंच काम झालं आहे, सगळ्यांना सारखाच फायदा होतो असं नाही, पण एक वही आणि पेन एवढाच खर्च आहे. शुद्धलेखन बघायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही, हवं तर फाडून टाकायचं. यावेळी समोर बसून सांगायला काकी नाही. लिहिताना घाबरायला झालं, श्वास कोंडला, तर तिथंच थांबा, जोर करू नका.

पाहुण्यांसमोर आई ते पुराण सुरू करते तेव्हा काय करायचं? स्वयंपाकघरात पळून जाण्याऐवजी एक वाक्य तयार ठेवा आणि ते साध्या आवाजात म्हणा. ‘आई, ते दिवस मला सोपे नव्हते, तो विषय आज नको.’ आणि लगेच पाहुण्यांना विचारा, ‘तुम्ही चहा घेणार की सरबत?’ पहिल्या वेळी जीभ अडखळेल. तिसऱ्या-चौथ्या वेळी आईच थांबेल, कारण ऐकणाऱ्यांचे चेहरे बदललेले तिला दिसतील. हात थरथरायला लागलेच तर ओट्यापाशी दोन्ही पाय लादीवर घट्ट टेकवून उभ्या राहा, मनगटावर गार पाणी सोडा, श्वास घेताना लागतो त्याहून जास्त वेळ सोडताना घ्या. समोर दिसतील त्या वस्तूंची नावं घ्या, कुकर, साणशी, पोळपाट, मिसळणाचा डबा. मग मनात म्हणा, ‘मी भांडुपला माझ्या घरात आहे, माझी मुलगी बारावीला आहे.’ शरीराला वाटत असतं आपण अजून तिथंच आहोत. त्याला आजचा पत्ता सांगावा लागतो.

भावाशी तुमचं बोलणं दोन वेगळ्या विषयांवर व्हायला हवं, आणि तुम्ही दोघं ते एकात एक घालता. पहिला विषय लहानपणाचा. त्याला ‘विसर’ म्हणणं सोपं जातं, कारण तो तिथं नव्हता. पण तो संपातल्या घरात होता हे तुम्हीही लक्षात घ्या. चार ते नऊ या वयात त्यानं काय पाहिलं, नोकरी गेलेल्या वडिलांजवळ त्याचे दिवस कसे गेले, हे तुम्ही कधी विचारलंत का? जास्त कुणी सोसलं याची तुलना करू नका, ती कधी संपत नाही. विचारलंत तर तो बहुधा थोडा मऊ होईल. दुसरा विषय आजचा, आईचं कोण करतं. तो फोनवरून सल्ला देतो आणि रात्रीचं उठणं तुमच्या वाट्याला, हे मला पटलेलं नाही. महिन्यातले दोन शनिवार-रविवार त्यानं भांडुपला येऊन राहावं आणि दिवसाच्या बाईचा निम्मा पगार द्यावा, असं थेट सांगा. आईवडिलांच्या सांभाळाबद्दल २००७ चा जो केंद्रीय कायदा आहे त्यात मुलगा आणि मुलगी दोघांवरही जबाबदारी आहे. कोर्टकचेरीसाठी सांगत नाही, ‘मुलीकडे आई राहते म्हणजे आम्ही उपकार मानतो’ ही भाषा बंद व्हावी म्हणून सांगते. झोप पुरी झाली की निम्म्या रात्री आपोआप सुसह्य होतील.

मुलीबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंत, तिला पुण्याला शिकायला जायचंय आणि तुम्ही नाही म्हणालात, कारण ‘लेकराला दुसऱ्याच्या दारात ठेवायचं नाही’. यावर थोडक्यात एवढंच की तुम्हाला पाठवलं गेलं होतं आणि तिला स्वतःहून जायचंय. तिच्या हातात फोन आहे, आणि नको वाटलं तर त्याच संध्याकाळी ती घरी येऊ शकते. नकार द्यायचा तर खर्चाचं, कॉलेजचं कारण बघून द्या.

असंच लहानपण ज्यांच्या वाट्याला आलं अशा इतरांसाठीही एक सांगणं आहे. गावाला ठेवलेली मुलं, आत्याकडे-मामाकडे वाढलेली, लहान वयात वसतिगृहात टाकलेली माणसं मुंबईत घरोघरी आहेत, आणि यातलं बरंचसं त्यांनाही लागू पडेल. पण आठवणी लैंगिक अत्याचाराच्या असतील, जिवावर बेतलेल्या मारहाणीच्या असतील, तर घरच्यांशी असं परस्पर बोलायला जाऊ नका, आधी जाणकाराची मदत घ्या. ताई, तुम्हीही झोप आठवडेच्या आठवडे मोडत असेल, कामात चुका व्हायला लागल्या, जगण्यावरचं मन उडालं असं वाटलं, तर थांबू नका. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी सेवेचा क्रमांक आहे, चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. केईएम, नायर आणि सायन या पालिकेच्या तिन्ही रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे. भांडुपहून ठाणं जवळ, तिथं आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून काम करते आहे. आईचंही एक पाहून घ्या. तीच गोष्ट तासाभरात पुन्हा सांगत असेल, गॅस चालू ठेवून विसरत असेल, तर आधी तिला डॉक्टरांना दाखवा आणि हे बोलणं त्यानंतरच काढा.

राहिला गणपती. काकींच्या पाया पडून मोकळं व्हायचं, हा भावाचा हिशेब मला मान्य नाही. वाकायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. तुमच्या मनात नसताना माफ केल्याचा देखावा करायला कुणीही सांगू शकत नाही, काकी ८० च्या असल्या तरी आणि देव घरात बसलेला असला तरी. न जाणं ही एक सरळ वाट आहे, ‘यंदा मला जमणार नाही’ एवढं कारण पुरे. जावंसं वाटत असेल, देवासाठी, त्या विहिरीसाठी, शाळेतल्या मैत्रिणीसाठी, तर आपल्या अटींवर जा. नवऱ्याला सोबत घ्या. मुक्काम काकींच्या घरी करू नका, कुडाळला किंवा कणकवलीला खोली घ्या, दिवसा आरतीला जा आणि संध्याकाळी परत या. काकींसमोर उभं राहून काही बोलायचं नसेल तर नमस्कार दुरून हात जोडूनही होतो. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं आणि गणपतीच्या गाड्या काही मिनिटांत भरतात, त्यामुळे भावाला उत्तर द्यायला तुमच्याजवळ फार दिवस नाहीत. त्याला तुमची तिकिटं काढू देऊ नका. जायचं ठरलं तर तुमची दोघांची तुम्हीच काढा, आणि परतीचं आधी काढा, भावाच्या परतीच्या तारखेशी त्याचा संबंध न ठेवता.